आवाज बारीक कर

मगदूमांचा मामा कॉव्हेंट्रीला लेथ शिकायला गेला
आणि अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत परतला,
बॅगेत एक मायक्रोमीटर, मामीला स्वेटर,
आणि एक कॅसेट. वर नाव नाही.
घरमालकिणीच्या पोरानं रेडिओपुढं टेप धरून भरलेली.
मामा म्हणाला, भांडण आहे का गाणं आहे
मला काय उमजलं नाही. तुम्ही बघा.

उद्यमनगरात, शिकलगारांच्या शेडमध्ये,
सोमवारी, मशिनी बंद असताना, आम्ही बघितलं.
पहिल्या गाण्याला अन्वर म्हणाला,
ह्यांच्या शेपरचा बेल्ट तुटलाय.
तिसऱ्याला त्याचा पाय हलत होता.

बँडांची नावं कोण सांगणार? आम्हीच ठेवली.
ओरडायच्या आधी खाकरणारे ते खाकरे बंधू.
एकदम सुरू होऊन ज्याच्या त्याच्या सवडीनं संपणारे
ते म्युनिसिपालटी.
आणि एक बाई, पत्र्यावर कानस ओढल्यागत आवाज,
तिला जिनू मगदूम म्हणाला, ही आमची जयसिंगपूरची आत्ती.

इतिहासही आमचाच.
खाकरे बंधू गोदीत होते, गोदी बंद पडली.
म्युनिसिपालटीनं गिटारी उधारीवर घेतल्या
आणि दुकानदार अजून हिंडतोय.
आत्तीला लग्न करायचं नव्हतं.
मामा एवढंच सांगायचा :
तिकडं पोरांना काम नाही. रांगेत उभी असतात,
कापडांना पिना लावून.
फाटकी म्हणून?
नाही, आधी स्वतःच फाडतात.
हे जिनूला दोन दिवस पचलं नाही.

माझ्या आईच्या बांगडीत कायम तीन पिना असायच्या.
मी एक मागितली.
काढ तो शर्ट, म्हणाली, शिवून देते.

आत्तीच्या गाण्यात मधोमध एक जागा होती.
सगळं भरधाव चाललेलं, आणि अचानक
चार ठोके गप्प.
मग परत सगळं एकदम अंगावर.
ती जागा बसवायला आम्हाला सात सोमवार लागले.
मी तेलाच्या पिंपावर, अन्वर उसन्या गिटारीवर,
तीन सूर, चौथा कुणाला येत नव्हता.
शब्द कळत नव्हते, म्हणून जिनू भाव ओरडायचा :
बीड! पितळ! गनमेटल! भंगार!

ऐंशीच्या गणपतीत, मंगळवार पेठेत,
चौदा मिनिटं वाजवलं आम्ही.
त्या जागेवर थांबलो.
बल्ब ढणाढण जळत असताना
मागून कोणतरी ओरडलं, लाईट गेली काय रं?
अध्यक्षांनी नारळ हातात दिला आणि म्हणाले, बास.
फक्त आवळ्यांचा म्हातारा, हलगी शेकत बसलेला,
जवळ बोलावून म्हणाला,
बाकीचं ऱ्हाऊ द्या पोरांनो,
ती गप बसायची जागा तेवढी जपा.

बँड परत वाजला नाही.
जिनू इचलकरंजीला मागांवर गेला.
अन्वरची दोन बोटं चौऱ्याऐंशीला प्रेसखाली गेली,
डाव्या हाताची, सूर धरायची.
कॅसेट कुठं गेली
ह्यावर आमचं तिघांचं तीन मत आहे.

परवा भाच्याला मी तोंडानं वाजवून दाखवलं.
त्यानं मोबाईलमधून आत्ती शोधून काढली.
नाव भलतंच. फोटोत हडकुळी पोरगी, असंल एकोणीस वर्षांची.
आम्ही पंचेचाळीस धरली होती.
गाणं लागलं. माझा हात मांडीवर.
ती जागा जवळ आली, मी थांबलो,
आणि ती थांबलीच नाही.
सरळ निघून गेली पुढं.

अन्वरला फोन लावला.
मागं ग्राइंडर. थांब, म्हणाला, बंद करतो.
सांगितलं सगळं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, त्या पोराची आई जिन्यावर आली असंल.
म्हणाली असंल, आवाज बारीक कर.
त्यानं केला असंल. ती गेल्यावर परत वाढवला असंल.

मग आपण वाजवलं ते?

आपलं बरोबर हाय, अन्वर म्हणाला,
ते तिकडलं चुकलंय.
आणि ग्राइंडर चालू केला.